टाचणी लावण्याआधी

सरकारी कचेरीत वीस-बावीस वर्षे काढलेल्या माणसाला टाचणीचे माहात्म्य कुणी सांगावे लागत नाही. अर्ज जोडायला टाचणी, गोंदाच्या बाटलीचे तोंड मोकळे करायला टाचणी, दुपारी जेवणानंतर दात कोरायलाही (कुणी बघत नसेल तर) टाचणीच. पण टाचणीचा एक उपयोग असा आहे की जो नोकरीच्या कुठल्याच नियमावलीत लिहिलेला नाही. तुमच्या टेबलावरचा कॅल्क्युलेटर उलटा करून पाहा. बऱ्याच कॅल्क्युलेटरांच्या पाठीवर एक बारीकसे भोक असते आणि त्याच्या शेजारी 'रिसेट' असा शब्द कोरलेला असतो. यंत्राला वेड लागले, आकडे गोठून बसले, कुठलेही बटण दाबले तरी ढिम्म हलेना, की त्या भोकात टाचणीचे बोथट टोक हलकेच दाबायचे. यंत्र एकदा डोळे मिटते, उघडते, आणि पडद्यावर निरागस असे एकच शून्य येऊन उभे राहते.

या एवढ्याशा भोकावर लेख काय लिहायचा, असे तुम्ही म्हणाल. मलाही तसेच वाटले असते, जर माझी सासुरवाडी बिदर जिल्ह्यात नसती तर.

पणजीहून रात्रीच्या बसने सोलापूर गाठायचे आणि तिथून हैदराबादच्या रस्त्याला लागायचे. उमरगा मागे पडले की थोड्या वेळाने महाराष्ट्र संपतो, पण मराठी संपत नाही. बसवकल्याण, भालकी, औराद, तिकडे कलबुरगी जिल्ह्यात आळंद, या पट्ट्यात घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी उर्दू असा रोजचा व्यवहार चालतो. आमच्याकडे गोव्यातही कोकणी, मराठी, पोर्तुगीज, इंग्रजी अशी सरमिसळ आहेच, त्यामुळे भाषांचे मला नवल नव्हते. नवल वाटले ते आकड्यांचे. सरकारी पाट्यांवर कानडी आकडे, मराठी शाळेतल्या मुलांच्या वहीत देवनागरी आकडे, आणि निजामाच्या राजवटीत दफ्तराची भाषा उर्दूच असल्याने जुन्या घरांतून जपून ठेवलेल्या जमिनीच्या कागदांवर उर्दू आकडे. एकाच शेताचा सर्व्हे नंबर तीन लिप्यांत तीन तऱ्हांनी दिसतो!

अशा मुलखात कॅल्क्युलेटर आला आणि त्याने एक मोठे काम केले, जे कुठल्या भाषापंडिताला जमले नसते. सात काड्यांचा तो चौकोनी आकडा ना कानडी, ना मराठी, ना उर्दू. माझ्या मेव्हण्याचे अडतीचे दुकान आहे. तूर, मूग, उडीद, सोयाबीन. तिथे बसून मी कितीदा पाहिले आहे, भाव बोलता बोलता शब्द अडखळले की अडत्या कॅल्क्युलेटरवर आकडा मारतो आणि यंत्र शेतकऱ्यापुढे फिरवतो. शेतकरी पाहतो, मान हलवतो किंवा हलवत नाही. कलबुरगीची तूर नावाजलेली, २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या तुरीच्या व्यवहारात हे हातभर अंतरावरून फिरणारे यंत्र म्हणजे सर्वांची समाईक पाटीच जणू.

आता ही पाटीच बिघडली तर? तालुक्याच्या गावी कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारा कोण बसलाय! आणि नव्याची किंमत दुरुस्तीपेक्षा कमी. पण हंगामात, दारात कट्ट्यांची थप्पी लागलेली असताना, नवा आणायला तरी कोण जाणार? म्हणून मग घरातल्या वस्तू बाहेर निघतात. सासूबाईंच्या बांगडीला सेफ्टी पिनांचा एक झुबका कायम लटकलेला असतो. साडीची निरी, लंगोटाचे टोक, पायातला काटा, तुटलेली चप्पल या सगळ्यांवर तोच उपाय. कॅल्क्युलेटरच्या पाठीतले भोकही त्याच पिनेने दाबले जाते. पिन नसेल तर देवघरातल्या उदबत्तीची जळून उरलेली काडी. मात्र काडी वापरू नये. तिचे टोक आत मोडले की भोक कायमचे बंद. काही कंपन्यांच्या माहितीपत्रकात मोडणारे किंवा अणकुचीदार टोक वापरू नका असे मुद्दाम छापलेले असते, पण माहितीपत्रक खोक्याबरोबर केव्हाच रद्दीत गेलेले असते. सरळ केलेली जेम क्लिप सगळ्यांत उत्तम.

दुकानातले दिवाणजी वयाने सत्तरीचे. त्यांच्याकडून मी या बाबतीत जे शिकलो ते इथे क्रमाने सांगतो, कारण क्रमालाच महत्त्व आहे.

पहिली गोष्ट, यंत्र खरेच बिघडले आहे का ते पाहायचे. पडद्यावर इंग्रजी 'ई' आले की पुष्कळ लोक घाबरतात. तो बिघाड नव्हे. उत्तर पडद्यात मावत नाही किंवा शून्याने भागायला सांगितले, एवढाच त्याचा अर्थ. 'सी' किंवा 'एसी' दाबले की झाले. टेबलावरच्या मोठ्या कॅल्क्युलेटरांना वर एक सरकपट्टी असते, दशांश किती घ्यायचे ते ठरवणारी. ती पोरांच्या हातून 'ए'वर सरकली की यंत्र बेरजेतल्या आकड्यांचे शेवटचे दोन अंक पैसे समजू लागते. १२५० आणि ८७५ यांची बेरीज २१२५ यायची ती २१.२५ दिसते. अशा वेळी सतरा वेळा टाचणी टोचली तरी उपयोग नाही, कारण पट्टी जिथल्या तिथेच असते. तिथे औषध म्हणजे नुसते आपले बोट.

दुसरी गोष्ट, वीज. बटणाएवढी बॅटरी एकदम मरत नाही, हळूहळू मरते. आतल्या चिपला पुरेशी वीज मिळेनाशी झाली की ती अर्धवट जागी, अर्धवट झोपेत असते आणि काहीबाही आकडे बरळते. थंडीच्या कोरड्या दिवसांत अंगावरच्या टेरिलिनच्या कपड्यातली स्थिर वीज बोटातून यंत्रात गेली तरी ते असेच गोठू शकते. ज्या यंत्राला रिसेटचे भोक नसते, त्याची बॅटरी काढून, एखादे बटण काही वेळ दाबून धरून, आत साठलेली उरलीसुरली वीज संपू द्यायची. पण इथे एक गंमत आहे. वरच्या बाजूला सौरपट्टी असलेल्या यंत्राची बॅटरी काढली तरी उजेडात ते मरतच नाही! सौरपट्टीवर काहीतरी झाकण पाहिजे. दिवाणजी त्यावर जुने पोस्टकार्ड ठेवून वर पागोट्याचा शेव गुंडाळतात. मेव्हणा यंत्र सरळ तुरीच्या पोत्यात खुपसून ठेवतो. अंधार तो अंधारच.

तिसरी गोष्ट, मळ. आमच्या गोव्यात पावसाळ्यात बॅटरीच्या पत्र्यांवर हिरवी बुरशी चढते, तिकडे तुरीच्या भुशाची धूळ बटणांखाली जाऊन बसते. बटणाखाली रबराची लहान टोपी असते, तिच्या तळाशी काळा ठिपका, तो खालच्या पट्टीला टेकला की अंक उमटतो. धूळ मध्ये आली की पाच दाबून दमा, पाच येत नाही. यंत्र उघडून मुलांच्या कंपासातला खोडरबर त्या पट्टीवर हलका फिरवला की काम होते. बॅटरी गळून पत्रा खराब झाला असेल तर काडीला कापूस गुंडाळून लिंबाचा एखादा थेंब, मग कोरड्या फडक्याने पुसणे आणि नीट वाळू देणे. बॅटरी सैल बसत असेल तर चॉकलेटची चांदी घडी करून तिच्यामागे, मात्र ती दोन्ही टोकांना एकदम लागता कामा नये.

आणि चौथी गोष्ट, जी खरे तर पहिली आहे, ती दिवाणजी दर वेळी म्हणतात आणि दर वेळी पोरे विसरतात. "आधी लिवून घ्या, मग टोचा." समोर कानडी बोलणारा असला तर तेच, "मोदल बरकोरि." कारण टाचणी यंत्राला बरे करते ती त्याची सगळी स्मृती पुसून. एम प्लस दाबून साठवलेली रक्कम, सकाळपासूनची एकूण बेरीज, सगळे शून्य. ज्याने पडद्यावरचा शेवटचा आकडा कागदावर टिपला नाही त्याला सकाळपासूनचे कट्टे पुन्हा मोजावे लागतात.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या शेवटी मी तिथे असताना घडलेला प्रसंग. आळंदकडच्या एक वयस्क बाई तूर घेऊन आल्या होत्या. बरोबर नातू, कॉलेजात नाव घातलेला, त्याच्या वसतिगृहाचे पैसे त्याच दिवशी भरायचे होते. साडेतेरा क्विंटल माल, भाव ठरला ६८०० रुपये. दुकानातल्या पोराने आकडे मारले आणि यंत्र बाईंपुढे फिरवले. ९१,६००.

बाईंनी आकड्याकडे पाहिलेच नाही. डोळे मिटून त्या पुटपुटल्या आणि म्हणाल्या, "न्हाई बाळा. तेराचे अठ्ठ्याऐंशी हजार चारशे, वर अर्ध्याचे चौतीसशे. एक्याण्णव हजार आठशे व्हत्यात."

पोराने पुन्हा मारले. पुन्हा ९१,६००. मग त्याने भोकात पिन घातली. शून्य आले. पुन्हा हिशोब, पुन्हा ९१,६००! आता दुकानात चार माणसे जमली. नातू ओशाळून आजीला म्हणाला, "आज्जे, मशीन कसं चुकंल?" बाई गप्प झाल्या. दोनशे रुपयांचा प्रश्न होता, पण त्याहून मोठा प्रश्न त्यांच्या तोंडावर दिसत होता. आयुष्यभर ज्या हिशोबावर संसार केला तो चार माणसांत खोटा ठरत होता, आणि तोही नातवाच्या तोंडून.

दिवाणजी उठले. "आक्का, बसा," म्हणाले. यंत्र हातात घेऊन त्यांनी आठाचे बटण दाबत पडदाभर आठच आठ उमटवले, आणि ते बाईंना नव्हे, नातवाला दाखवले. सगळे आठ नीट होते, फक्त उजवीकडून तिसऱ्या घरातल्या आठाची वरची उजवी काडी गायब. त्या घरात आठ आला की तो सहा दिसत होता. यंत्राच्या पोटातला हिशोब बरोबर होता, तोंडातून बाहेर पडताना त्याची एक काडी गळत होती. आत छपाईपट्टी आणि काच यांच्यामध्ये रबराची एक बारीक पट्टी असते, तिच्यातून काडी-काडीला वीज जाते. तिथे धूळ गेली किंवा पट्टी सरकली की असे होते. टाचणीला तो रोग कळतच नाही. बाईंना ९१,८०० ची पट्टी लिहून मिळाली (हमाली वगैरे धरून काय व्हायचे ते झाले), आणि यंत्र त्या दिवसापुरते बाजूला ठेवले गेले.

यंत्र चुकले आणि आजी जिंकली अशी ही गोष्ट नव्हे. यंत्र नसते तर त्या दुकानात दिवसाला होणारे व्यवहार निम्मेही झाले नसते. मला विचार पडला तो वेगळाच. बाईंकडे दुसरा हिशोब होता म्हणून पहिल्याची परीक्षा झाली. निमकी, पाऊणकी, सवाईकी, दीडकी, अडीचकी, औटकी हे पाढे आपल्याकडे मुलांकडून घोकून घेत असत. साडेतीनला 'औट' म्हणतात हे आजच्या किती मुलांना ठाऊक असेल? सव्वा, दीड, पाऊण यांना कॅल्क्युलेटरवर बटण नाही. पण ते ज्याच्या डोक्यात आहेत त्याची एक वही त्याच्यापाशीच असते, आणि ती कुणाच्या टाचणीने पुसली जात नाही.

आणि हा मुलूख तर टाचण्या सोसण्यात मुरलेला! बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. इ.स. १०७६ मध्ये सहावा विक्रमादित्य गादीवर आला आणि त्याने चालत आलेला शक बाजूला सारून स्वतःच्या नावाचा चालुक्य-विक्रम शक सुरू केला. काळ पुन्हा एकपासून! (याच राजाची लेक मैळलदेवी आमच्या गोव्याच्या कदंब राजा जयकेशीला, दुसऱ्या जयकेशीला, दिली होती, म्हणजे सोयरीक जुनीच.) घराणे गेले, त्या शकाची मोजदादही गेली. सासुरवाडीच्या भिंतीवरचे पंचांग आजही शालिवाहन शकच सांगते. राजाने आपला आकडा शून्यावर नेला, पण लोकांनी आपल्या वहीतला खोडला नाही.

निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले, आणि इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. सात हालीला सहा कलदार, म्हणजे शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सोलापूरला माल घालणाऱ्या इकडच्या व्यापाऱ्याला हा हिशोब तोंडपाठ असावाच लागे. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आले, पुढे हाली सिक्काही गेला. १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याच्या पाच महिने आधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात आणि बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. १९७३ मध्ये म्हैसूरचे कर्नाटक झाले, २०१४ मध्ये गुलबर्ग्याचे कलबुरगी, २०१९ मध्ये हैदराबाद-कर्नाटकाचे कल्याण कर्नाटक. आम्हा गोवेकरांना यात आपलेच प्रतिबिंब दिसेल. १९५९ साली पोर्तुगिजांनी रुपिया मोडून एस्कुदो आणला, एका रुपियाला सहा एस्कुदो, आणि १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय रुपया आला. माझ्या आजीचे पैशाचे हिशोब मात्र शेवटपर्यंत टांग्यांतच चालत.

यातले काय बरे आणि काय वाईट, या वादात मला शिरायचे नाही. बरेचसे करायलाच हवे होते. गोठलेल्या यंत्राला टाचणी लावावीच लागते. पण सीमेवरच्या त्या घरांत मी पाहतो की ज्याने आपला मागचा आकडा कुठेतरी टिपून ठेवला, मग तो ओव्यांत असो, पाढ्यांत असो, नाहीतर सोयऱ्यांच्या नावांत असो, तो प्रत्येक शून्यानंतर पुन्हा उभा राहिला. उदगीरला दिलेली लेक आणि भालकीला राहिलेला भाऊ एका जिल्ह्यातून दोन राज्यांत गेले, तरी दिवाळीची ओवाळणी चुकली नाही.

आता कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये गेला आहे आणि अडतीच्या दुकानातही पैसे बरेचदा त्यावरूनच जातात. टाचणीची मात्र सुट्टी झालेली नाही. मोबाइलचे सिमकार्ड काढायला तीच, इंटरनेटच्या खोक्याच्या पाठीतले रिसेटचे भोक दाबायलाही तीच. फक्त मोबाइलला शेजारीच माइकचे तसलेच भोक असते, त्यात टोचू नका, नाहीतर पलीकडच्याला तुमचा आवाज ऐकू येणार नाही. आणि इंटरनेटच्या खोक्याला टोचण्याआधी त्याचे नाव, पासवर्ड कागदावर उतरून ठेवा. तेही सगळे पुसले जाते.

दिवाणजी आता दुकानात रोज येत नाहीत. त्यांची लाल बासनातली वही मात्र गल्ल्याखाली आहे, आणि मेव्हण्याने तिच्या पुठ्ठ्यातच एक जेम क्लिप सरळ करून खोवून ठेवली आहे. क्लिप हवी असेल तर आधी वही हातात घ्यावी लागते.